न्यूयॉर्कचा मतदानहक्क कायदा आणि आमचं टाउन बोर्ड : सुनावणीत काय बोलावं?

मृण्मयी_के

नमस्कार मंडळी,

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला तासाभराच्या अंतरावर आमचं गाव आहे. प्रकरण चालू असल्यामुळे गावाचं नाव इथे लिहीत नाही. कारभार टाउन बोर्ड बघतं : एक सुपरवायझर आणि चार सदस्य. वॉर्ड नाहीत. एका वेळी दोन जागांची निवडणूक होते आणि त्या दोन्हींसाठी सगळं गाव मत देतं. इथे याला अ‍ॅट-लार्ज पद्धत म्हणतात.

रेल्वेच्या पलीकडे अपार्टमेंट्स आहेत. तिथे लॅटिनो आणि कृष्णवर्णीय कुटुंबं जास्त, आणि हल्ली आपली देशी मंडळीही बरीच. आम्ही राहायला आल्यापासून त्या बाजूचा एकही माणूस बोर्डावर गेलेला मी पाहिला नाही. उभे राहिले, चांगली मतंही पडली, पण पडले. पलीकडच्या रस्त्यांवर बर्फ सगळ्यात शेवटी उचललं जातं, बसथांब्याला छप्पर नाही, आणि बोर्डाच्या बैठकीत या विषयांवर बोलायला कुणाला सवडच नसते.

आता तिथल्या काही रहिवाशांनी 'जॉन आर. लुईस व्होटिंग राइट्स अ‍ॅक्ट ऑफ न्यूयॉर्क' या राज्याच्या कायद्याखाली बोर्डाला पत्र दिलंय. तुमच्या पद्धतीमुळे आमच्या मताला किंमत उरत नाही, ती बदला, असं त्यात म्हटलंय. यावर जाहीर सुनावणी आहे आणि प्रत्येकाला तीन मिनिटं बोलता येणार आहे.

माझं मत : कायदा चांगला आहे आणि आपण पत्र देणाऱ्यांच्या बाजूने उभं राहावं. आमच्या देशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र 'आपण यात पडू नये' हाच सूर आहे. तुम्हाला काय वाटतं? कुणाच्या गावात असा बदल झालाय का, आणि झाल्यावर प्रत्यक्षात काय फरक पडला?

एक उपप्रश्नही आहे. सासूबाई आता इथल्या नागरिक आहेत. मराठी, हिंदी उत्तम वाचतात, इंग्रजी नाही. मतदानाला त्यांच्यासोबत आत जाता येतं का? मागच्या वेळी केंद्रावरच्या बाईंनी मला दोरीच्या अलीकडेच थांबवलं होतं.

चिंचगूळ

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हीच पद्धत आहे. यात काही खटकण्यासारखं असू शकतं हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

रावसाहेब_एडिसन

स्पष्ट लिहितो, राग नसावा.

मत माणसाचं असतं, वंशाचं नाही. इतके गोरे, इतके काळे, इतके आशियाई अशी मोजदाद करून गावाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाला एक तुकडा द्यायचा, हे मला पटत नाही. जातीच्या गणितावर तिकिटं वाटताना बघत आपण मोठे झालो. तेच इथे आणायचं? उमेदवाराने सगळ्या गावासमोर जावं, सगळ्यांची मतं मागावीत. वॉर्ड झाले की नगरसेवक आपल्या गल्लीपुरतं बघतो आणि गावाचं कुणीच बघत नाही.

नितळ

रावसाहेब, तुमच्या मुद्द्याकडे येते, पण आधी हा कायदा कुठून आला ते सांगते. नाहीतर तो आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

७ मार्च १९६५ रोजी अलाबामातल्या सेल्मा गावात एडमंड पेटस पुलावर मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. सर्वांत पुढे चालणाऱ्यांमध्ये २५ वर्षांचे जॉन लुईस होते, त्यांची कवटी फुटली. त्याच वर्षी ६ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी केंद्राच्या मतदानहक्क कायद्यावर सही केली. त्यातलं सगळ्यात धारदार कलम पूर्वमंजुरीचं होतं. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणुकीचा कुठलाही नियम बदलायचा, अगदी मतदान केंद्र हलवायचं असलं तरी आधी केंद्र सरकारची परवानगी लागायची. नियम निरुपद्रवी आहे हे बदल करणाऱ्याने सिद्ध करायचं. एरवी नियम लागू होतो, नुकसान होतं आणि मग भोगणारा वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घालतो.

जून २०१३ मध्ये शेल्बी काउंटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी, ही परवानगी कुणाला लागायची ते ठरवणारं सूत्रच रद्द केलं. कलम कागदावर राहिलं, पण लागू कुणालाच नाही. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी निकालात लिहिलं की पावसात आपण भिजत नाही आहोत म्हणून हातातली छत्री फेकून देण्यासारखं हे आहे.

तिथून राज्यांच्या कायद्यांना जोर आला. कॅलिफोर्नियाने ते आधीच, २००२ मध्ये, केलं होतं. मग वॉशिंग्टन २०१८, ऑरेगन २०१९, व्हर्जिनिया २०२१ (दक्षिणेतलं पहिलं राज्य), न्यूयॉर्क २०२२, कनेक्टिकट २०२३, मिनेसोटा २०२४, कोलोरॅडो २०२५. न्यूयॉर्कच्या कायद्यात पूर्वमंजुरीही आहे, पण सगळ्या गावांना नाही. ज्यांच्या नावावर भेदभावाचे निकाल आहेत, अशांसारख्या ठरावीक ठिकाणांनाच ती लागते.

म्हणजे मृण्मयी, तुमच्या गावातलं ते पत्र या रांगेत उभं आहे.

गणिताचे_सर

रावसाहेबांनी 'सगळ्या गावाची मतं मागावीत' असं म्हटलंय. आकड्यांत करून बघू या.

गावात १०,००० मतदार. ६,००० रुळाच्या अलीकडचे, ४,००० पलीकडचे. जागा चार. दोन्हीकडचे लोक आपापल्या पसंतीच्या चार जणांना मत देतात असं धरा. अलीकडच्या चौघांना प्रत्येकी ६,०००, पलीकडच्या चौघांना प्रत्येकी ४,०००. निकाल ४-०. पुढच्या वेळीही ४-०. पन्नास वर्षं ४-०. कुणी कुणाला मतदान केंद्रावर अडवलं नाही, खोटं मत पडलं नाही, मोजणी चोख झाली, तरीही ४० टक्के लोकांचा बोर्डावर एकही माणूस नाही.

दोन जागा एका वर्षी आणि दोन नंतर घेतल्या तरी २-० आणि २-० एवढंच होतं.

दोन्ही बाजूंचे लोक मिसळून मत देत असतील तर हे गणित लागू होत नाही. म्हणून असल्या खटल्यांत मुख्य पुरावा तोच असतो : केंद्रवार निकाल घेऊन मतदान खरंच वंशाच्या रेषेवर दुभंगलंय का ते तपासतात. नुसतं 'आमचा माणूस नाही' एवढ्यावर कुणी जिंकत नाही.

बे_एरियावाला

सरांचं गणित आमच्या शेजारी प्रत्यक्षात घडलंय.

सँटा क्लारा शहर. चिप कंपन्या, देशी दुकानं, सगळं जगाला माहीत आहे. तिथल्या मतदानाला पात्र लोकांमध्ये साधारण ३० टक्के आशियाई. आणि २०१८ पर्यंत नगर परिषदेवर एकही आशियाई माणूस कधी निवडून आलेला नव्हता! रहिवाशांनी कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली दावा केला. २०१८ मध्ये कोर्टाने शहराविरुद्ध निकाल दिला आणि वॉर्ड पाडायला लावले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत राज चहल निवडून आले. २०२० मध्ये आणखी दोन आशियाई सदस्य आले. त्याच वर्षी शहराचं अपीलही फेटाळलं गेलं.

आता तुमच्या 'फरक काय पडला' या प्रश्नाचं उत्तर. वॉर्ड लहान झाला की प्रचार स्वस्त होतो. सगळ्या शहरात पत्रकं टाकायला जो पैसा लागतो तो नोकरदार माणसाकडे नसतो. वॉर्डात मात्र संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी दारोदार फिरता येतं. मी स्वतः एका उमेदवारासाठी (वेगळ्या शहरात) फिरलोय. एका आजोबांनी दार उघडून विचारलं, 'तुम्ही कुठली वस्तू विकताय?' मतं मागायला त्यांच्या दारात त्याआधी कुणी आलंच नव्हतं.

रावसाहेब_एडिसन

खर्चाचं कुणी बोलत नाही, मी बोलतो. त्याच कॅलिफोर्नियात पामडेल शहराने हा खटला लढवला, हरलं, आणि समोरच्यांच्या वकिलांना ४५ लाख डॉलर देऊन मिटवलं. हे पैसे कुणाचे? करदात्यांचे. त्यानंतर काही वकिलांनी गावोगावी पत्रं पाठवायचा सपाटा लावला. पत्र आलं की गाव घाबरून वॉर्ड पाडतं. याला मतदानहक्काचं रक्षण म्हणायचं?

बे_एरियावाला

पामडेलचं खरं आहे, पण ते पैसे लढून हरल्याचे आहेत. बदल करून मोकळं झालं असतं तर ती वेळ आली नसती.

पत्रांच्या सपाट्यावरही इलाज झाला. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाने नियम आणला : पत्र आल्यावर शहराने ठरावीक मुदतीत स्वतःहून बदल करायचं ठरवलं तर पत्र देणाऱ्यांना ३०,००० डॉलरच्या (ही मर्यादा महागाईप्रमाणे वाढत जाते) वर भरपाई द्यावी लागत नाही. न्यूयॉर्कने तर ही सोय पहिल्यापासूनच ठेवली आहे. पत्रानंतर ५० दिवस कुणी कोर्टात जाऊ शकत नाही. त्या काळात बोर्डाने 'आम्ही उपाय करतो' असा ठराव केला तर आणखी ९० दिवस मिळतात, आणि भरपाईलाही मर्यादा आहे. मृण्मयी, सुनावणीत हे नक्की सांगा. खर्चाची भीती दाखवणाऱ्यांना हेच उत्तर आहे की खर्च टाळण्याचा रस्ता कायद्यातच आहे आणि तो आत्ता उघडा आहे.

डॅलसकर

तुम्ही लोक सुदैवी राज्यांत आहात. आमच्याकडे राज्य कायदा करतं ते दुसऱ्या दिशेने.

२०२० च्या निवडणुकीत ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीने गाडीत बसून मतदान आणि २४ तास उघडी केंद्रं अशा सोयी केल्या. रात्रपाळीची माणसं, नर्सेस, गोदामातले कामगार यांना त्याचा उपयोग झाला. २०२१ मध्ये टेक्ससने कायदा करून दोन्ही बंद केल्या. त्याच कायद्यात मतदाराला मदत करणाऱ्याने फॉर्म भरून आपलं नाव, पत्ता, मतदाराशी नातं लिहून द्यायचं आणि शपथ घ्यायची असंही घातलं. आईला मत द्यायला मदत करणारी मुलगी हा कागद बघूनच बिचकते. जॉर्जियात त्याच वर्षी कायदा झाला की केंद्राजवळच्या रांगेत उभ्या असलेल्यांना परक्याने पाणी वाटणं गुन्हा.

आणि २०१३ ची गंमत नव्हे, दुःख सांगतो. शेल्बीचा निकाल आला त्याच दिवशी आमच्या राज्याने जाहीर केलं की मतदानाला ओळखपत्र सक्तीचं करणारा, पूर्वमंजुरीअभावी अडून राहिलेला कायदा आता लागू. एक दिवससुद्धा थांबले नाहीत. पूर्वमंजुरीचा काय उपयोग होता असं विचारणाऱ्यांना मी तो दिवस सांगतो.

चिंचगूळ

ओळखपत्राला विरोध कशासाठी पण? भारतात सगळे दाखवतातच की.

डॅलसकर

भारतात निवडणूक आयोग स्वतः कार्ड बनवून देतो, यादीत नाव घालायला माणूस घरी येतो. ते नसलं तर आधार, पासबुक अशी दुसरी कागदपत्रं चालतात. टेक्ससच्या मूळ कायद्यात बंदूक बाळगण्याचा परवाना चालत होता, विद्यापीठाचं ओळखपत्र नाही. कुठलं कार्ड चालेल हे कोण ठरवतं आणि ते कुणाकडे असतं, वाद तिथे आहे.

पुण्याची_सई

तुमचं हे अ‍ॅट-लार्ज प्रकरण वाचून आमचा प्रभाग आठवला. जानेवारी २०२६ च्या पालिका निवडणुकीत आम्ही प्रत्येकी चार मतं दिली. एका प्रभागात चार नगरसेवक. माझ्या आईला चार बटणं दाबायची हे समजावताना नाकी नऊ आले. आणि आता ड्रेनेज तुंबलं की चौघांपैकी कुणाला फोन करायचा? पहिला म्हणतो दुसऱ्याला सांगा.

घाटमाथा

सई, थोडा फरक आहे. आपल्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या जागा असतात, त्यावर महिला, अनुसूचित जाती, ओबीसी अशी आरक्षणं असतात. त्यामुळे वंचित गटाचा माणूस सभागृहात येतोच. न्यूयॉर्कच्या टाउन बोर्डात तसलं काही नाही. पण मोठ्या प्रभागात पैसेवाल्या पक्षाचं पॅनेल सरसकट निवडून येतं आणि अपक्ष कार्यकर्ता हद्दपार होतो, तो भाग अगदी सारखा. मुंबईत अजून एका वॉर्डाला एक नगरसेवक आहे आणि तिथे अपक्षाला निदान आशा तरी असते.

त्याहून मोठं दुखणं वेगळं. पुणे, मुंबई पालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. नव्या निवडणुका थेट जानेवारी २०२६ मध्ये. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या असं घटनेच्या २४३ यू कलमात लिहिलेलं असताना जवळपास चार वर्षं प्रशासकाचा कारभार! आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट, सगळी कारणं मला माहीत आहेत. पण या काळात अठरा वर्षांचे होऊन बावीस वर्षांचे झालेल्यांनी आपल्या शहरासाठी एकदाही मत दिलं नाही, आणि त्यासाठी कुणालाही जाब द्यावा लागला नाही. यावर रस्त्यावर कुणी उतरलं नाही याची मला अजून चीड येते.

पुण्याची_सई

+१००. आमच्या भागातला पूल त्याच काळात प्रशासकाच्या सहीने मंजूर झाला. हरकती घ्यायच्या तर कुणाकडे, हेच कळत नव्हतं.

जुई

धागा पुण्यात पोचलाच आहे तर एक विषय राहू नये म्हणून लिहिते. वॉर्ड हा एकमेव उपाय नाही.

मृण्मयीच्या जवळच, वेस्टचेस्टर काउंटीत पोर्ट चेस्टर नावाचं व्हिलेज आहे. सहा ट्रस्टी (तिथल्या बोर्डाचे सदस्य), सगळे अ‍ॅट-लार्ज. लोकसंख्येत लॅटिनो जवळपास निम्मे, पण ट्रस्टी एकही नाही. केंद्र सरकारने १९६५ च्या कायद्याखाली खटला भरला आणि गाव हरलं. तिथे वॉर्ड पाडण्याऐवजी एकत्रित मतदानाचा तोडगा निघाला. प्रत्येक मतदाराला सहा मतं, ती हवी तशी वाटायची. सहा जणांना एकेक द्या, दोघांना तीन-तीन द्या, नाहीतर सहाही एकाला द्या. जून २०१० मध्ये अशी पहिली निवडणूक झाली आणि लुईस मारिनो हे तिथले पहिले लॅटिनो ट्रस्टी झाले.

सरांच्या आकड्यांत घालून बघा. पलीकडच्या ४,००० लोकांनी आपली चारही मतं एका उमेदवारात एकवटली तर त्याला १६,००० मतं पडतात. अलीकडच्यांकडे एकूण २४,००० मतं. ती चौघांत वाटली तर प्रत्येकी सहा हजार. म्हणजे पलीकडचा एक येणारच, कुणीही त्याला अडवू शकत नाही. मतं नीट वाटली तर दुसराही येऊ शकतो. पण गट याहून बराच लहान असेल तर चारही जागांची निवडणूक एकदम व्हायला हवी. दोन-दोन घेतल्या की या पद्धतीचं बळ कमी होतं.

कोल्हापुरी_साज

सहाही मतं एकालाच? आमच्या सोसायटीच्या कमिटीला हे कळू देऊ नका. सेक्रेटरी काका तहहयात निवडून येतील. 😄

घाटमाथा

जुई, ही पद्धत मुंबईला नवी नाही! १९३५ च्या कायद्यानुसार १९३७ मध्ये मुंबई प्रांताची निवडणूक झाली तेव्हा बहुसदस्य मतदारसंघांत असंच मत एकवटून देता येत असे. पुणे करारानंतर राखीव जागा मिळाल्या, पण त्या कुणाच्या मतांनी भरल्या जाणार हा प्रश्न होताच. बाबासाहेबांचा मत एकवटता येण्यावर भर होता, कारण त्यामुळे दलित मतदार आपल्या पसंतीच्या माणसामागे सगळी ताकद लावू शकत होता. त्या निवडणुकीत ते स्वतः निवडून आले आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे बरेच उमेदवारही.

मग १९५२ ची लोकसभा. उत्तर मुंबईचा मतदारसंघ दोन सदस्यांचा, एक जागा राखीव. मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. बाबासाहेब काँग्रेसच्या काजरोळकरांकडून हरले. हरण्याची कारणं अनेक असतील, पण एकवटण्याची सोय गेल्याने काय झालं हे बघण्यासारखं आहे. माणसं तीच, शहर तेच, मतं देण्याची रीत बदलली. असले दोन सदस्यांचे मतदारसंघ १९६१ मध्ये कायद्याने बंद झाले.

मत आहे की नाही एवढं बघून भागत नाही, त्या मताला आकार कोण देतं तेही बघावं लागतं, हे आपल्याकडे नव्वद वर्षांपूर्वी कळलं होतं. न्यूयॉर्कचा कायदा तेच सांगतोय.

मृण्मयी_के

घाटमाथा, जुई, अंगावर काटा आला. हे मी सुनावणीत सांगणार. बाबासाहेब तर शिकले याच राज्यात, कोलंबियात.

नितळ

आता सासूबाईंचं. १९८२ पासून केंद्राच्या कायद्यात कलम २०८ आहे. दृष्टी नाही, अपंगत्व आहे किंवा वाचता-लिहिता येत नाही, अशा मतदाराला आपल्या पसंतीचा माणूस मदतीला घेता येतो. फक्त मालक किंवा युनियनचा पदाधिकारी चालत नाही. सून चालते. मतपत्रिका इंग्रजी आणि सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणजे त्यांना हा हक्क आहे. त्यांनी स्वतः 'हिची मदत हवी' असं केंद्रावर सांगायचं. इथे कागदाच्या मतपत्रिकेवर पेनाने गोल भरायचा असतो, त्यामुळे त्यांच्या शेजारी बसून नावं वाचून दाखवली की पुरतं. गोल त्यांनाच भरू द्या.

मराठी मतपत्रिका मिळण्याची शक्यता मात्र कमी. केंद्राच्या कलम २०३ प्रमाणे काउंटीत त्या भाषक गटातले, इंग्रजी कमी येणारे प्रौढ नागरिक १०,००० च्या वर किंवा ५ टक्क्यांच्या वर असावे लागतात. क्वीन्समध्ये त्यातून बंगाली आली, न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत गुजराती. न्यूयॉर्कच्या कायद्याने ही पट्टी खाली आणली : ४,००० च्या वर, किंवा २ टक्क्यांच्या वर पण निदान ३०० माणसं. तरी एकट्या मराठीला ती गाठणं अवघड. हिंदीसाठी मात्र काही ठिकाणी मागणी करता येईल.

रावसाहेब_एडिसन

भाषेच्या मदतीला माझा विरोध नाही, उलट पाठिंबा आहे. माझी आई याच मिडलसेक्समध्ये राहते. पन्नाशी उलटलेल्या आणि वीस वर्षं ग्रीनकार्डावर राहिलेल्या माणसाची नागरिकत्वाची परीक्षा सरकार त्याच्या भाषेत घेतं, मग मतपत्रिका इंग्रजीत का, हा प्रश्न मीही विचारलाय.

पण वॉर्डांबद्दल माझी एक शंका कायम आहे. आपली माणसं एका जागी राहत नाहीत, चारही दिशांना विखुरलेली. कितीही रेषा मारा, देशी बहुसंख्य वॉर्ड होणार नाही. मग आपण कशासाठी भांडायचं?

नितळ

शंका रास्त आहे, आणि राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याहून वेगळा आहे तो नेमका इथेच. केंद्राच्या कलम २ खाली, १९८६ च्या जिंगल्स निकालापासून, तुमचा गट एका वॉर्डात बहुसंख्य होण्याइतका मोठा आणि एकवटलेला आहे हे दाखवावं लागतं. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कने ही अट घातली नाही. २०२३ मध्ये सँटा मोनिकाच्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बहुसंख्य वॉर्ड दाखवायची गरज नाही, पण दुसऱ्या एखाद्या कायदेशीर पद्धतीने त्या गटाची निवडून आणण्याची क्षमता वाढेल हे दाखवा. जुईने सांगितलेलं एकत्रित मतदान किंवा पसंतीक्रमाचं मतदान त्यात येतं. शिवाय न्यूयॉर्कमध्ये दोन-तीन गट राजकीयदृष्ट्या एकत्र असतील तर त्यांचा एकत्र विचार होतो. रुळापलीकडचे लॅटिनो, कृष्णवर्णीय आणि देशी एकाच उमेदवाराला मत देत असतील तर ते एकच गट.

चिंचगूळ

पण हा कायदा कोर्टाने उडवला असं मी वाचलं होतं ना?

नितळ

ते न्यूबर्ग टाउनचं प्रकरण. ऑरेंज काउंटीतलं गाव, साधारण ४० टक्के लोक लॅटिनो किंवा कृष्णवर्णीय, आणि पाच जणांचं बोर्ड अ‍ॅट-लार्ज. नोव्हेंबर २०२४ मध्ये खालच्या न्यायालयाने कायदाच घटनाबाह्य ठरवला. जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही गावाचं म्हणणं फेटाळलं : टाउन ही राज्यानेच निर्माण केलेली संस्था, तिला राज्याच्या या कायद्यावर असा सरसकट हल्ला करता येणार नाही. म्हणजे तुमच्या बोर्डाच्या वकिलाने 'थांबा, कायदा जाणारच आहे' असं सांगितलं तर हा निकाल पुढे करा.

गणिताचे_सर

एक भर. न्यूयॉर्कने डिसेंबर २०२३ मध्ये आणखी एक कायदा केला : टाउनच्या बहुतेक निवडणुका सम वर्षांत, म्हणजे राष्ट्राध्यक्ष किंवा गव्हर्नरच्या निवडणुकीबरोबर. ऑक्टोबर २०२५ मध्ये तोही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात टिकला. विषम वर्षांत मतदानाला मोजकी माणसं येतात आणि ती बहुधा जुनी, घरमालक असतात. वर्ष बदललं की भाड्याने राहणारे, तरुण, नवे नागरिक आपोआप यादीतून केंद्रावर येतात. तुमच्या गावात दोन्ही बदल एकदम झाले तर बोर्डाचा चेहरा बराच बदलेल.

रावसाहेब_एडिसन

वॉर्डांपेक्षा मला जुईबाईंची एकत्रित मतदानाची पद्धत बरी वाटते. गावाचे तुकडे होत नाहीत, कुणाला वंश विचारावा लागत नाही, आणि ज्याला ज्याच्यामागे उभं राहायचं त्याने राहावं. हे असेल तर मी पाठिंबा देईन. नकाशावर वंश बघून रेषा मारायला माझा विरोध आहे आणि राहील.

मृण्मयी_के

सगळ्यांचे मनापासून आभार. रावसाहेब, तुमचे खास. आमच्या ग्रुपवरचे आक्षेप तुमचेच आहेत, आता माझ्याकडे त्यांची उत्तरं आहेत.

तीन मिनिटांत तीन गोष्टी मांडते. बोर्डाने मुदतीत ठराव करावा, कोर्टाची वाट बघू नये. मागच्या निवडणुकांचे केंद्रवार आकडे गावासमोर ठेवावेत. आणि वॉर्ड की एकत्रित मतदान हे ठरवताना रुळापलीकडे, तिथल्या कम्युनिटी रूममध्ये, संध्याकाळी सातनंतर बैठक घ्यावी, स्पॅनिश दुभाष्यासह. दुपारी दोनला टाउन हॉलमध्ये बैठक ठेवली तर तिथलं कुणीच येऊ शकणार नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धाग्यातले मुद्दे टाकलेत. दोघी यायला तयार झाल्या आहेत. सासूबाईसुद्धा बोलणार म्हणतात, मराठीत. मी भाषांतर करेन.

जुई

भाषांतराचा वेळ तीन मिनिटांत धरतात का ते आधीच क्लार्कला ईमेल करून विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. आमच्याकडे आयत्या वेळी माइक बंद केला होता.

बे_एरियावाला

आणि बोलायचा मजकूर लेखीही जमा करा. पुढे प्रकरण कोर्टात गेलंच तर सुनावणीची नोंद पुरावा म्हणून लागते. निकाल काय लागतो ते इथे कळवा.